पिनेची क्लिप

सत्तारने जीप तिसऱ्यांदा थांबवली आणि खाली उतरला.

"आता काय झालं, सत्तारभाऊ?" शेजारी बसलेल्या नवीनने वैतागून विचारलं. "मघाशीच तर पाहिली पिन."

सत्तार मागे जाऊन वाकला. जीपचा हुक, त्यात ट्रॉलीच्या दांडीचं कडं, दोन्हींतून आरपार गेलेली अंगठ्याएवढी जाड पिन आणि पिनेच्या खालच्या टोकाला स्प्रिंगची क्लिप. त्याने क्लिपला बोट लावलं. ती जागेवर होती. तो परत येऊन बसला.

"ट्रॉली शेपूट हलवतेय," तो म्हणाला. "डीपी मागे ठेवलाय तुम्ही."

"उतरवायला सोपं पडेल म्हणून ठेवला. चार दिवस झाले मोटारी बंद आहेत. कपाशी दोन पानांवर आलीय, आज पाणी मिळालं नाही तर मोडून परत पेरावी लागेल. तुम्ही दर दोन किलोमीटरला उतरा."

गावाचा डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळला की दुसरा आणायला गावच गाडी बघतं, आणि नाल्यापलीकडचं शिवार असलं की सत्तारची जुनी फोर-व्हील जीप. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. विहिरीवरचे कॉम्प्रेसर, सिमेंटचे पाइप, जनरेटर. पूर्वी मध्ये उतरायची त्याला सवय नव्हती. ती तीन वर्षांपासूनची.

नाल्याच्या अलीकडे पाच-सहा जण निंबाखाली थांबले होते. त्यांत गिरधर होता. काठी टेकून, डावा पाय जरा बाहेर टाकून. त्याला बघताच सत्तारने नजर ट्रॉलीकडे वळवली.

"पुढे वाळू आहे, असं नाही जाणार," तो खाली उतरत म्हणाला. "दोघं दांडी धरा."

त्याने चाकांना दगड लावले आणि पिन काढली. दांडी आपोआप वर यायला लागली, धरणाऱ्यांना ती वरून दाबावी लागली. सत्तारचा हिशेब साधा होता. दांडी एका हाताने उचलली गेली तर माल मागे आहे, दोन माणसं लागली तर फार पुढे. एकाने दोन्ही हात लावून, श्वास रोखून उचलावी, तेव्हा बरोबर. मागे वजन राहिलं की हुक वर ओढला जातो, जीपची मागची चाकं हलकी होतात आणि वाळूत जागच्या जागी फिरतात.

"पाचशे किलो शे ते," एक जण कुरकुरला.

"ऊन बी तितलंच शे. चला, लावा पहारी," गिरधर म्हणाला, तसे सगळे हसत उठले.

पहारींनी रेटत त्यांनी डीपी उभाच्या उभा वीतभर पुढे सरकवला, मग आणखी चार बोटं. दोर पुन्हा आवळले. सत्तारने वाकून दांडी उचलून पाहिली. श्वास रोखावा लागला. त्याने जीप मागे घेऊन हुक कड्याला भिडवला आणि आरशात पाहिलं. पिन हातात घेऊन गिरधर वाकत होता. तीस वर्षांच्या दोस्तीत बावीस वर्षं पिन त्यानेच लावली होती. लावली की ट्रॉलीच्या फळीवर दोन थापा मारायचा, मग सत्तार क्लच सोडायचा.

"काका, तुम्ही नका हात लावू," नवीन मोठ्याने म्हणाला. "मागच्या टायमाला लावली होती, तिनं पाय नेला. आज कपाशी जाईल."

एक-दोघे हसले. गिरधरही हसल्यासारखा झाला. त्याने पिन नवीनपुढे धरली.

सत्तारने इंजिन बंद केलं आणि उतरला.

"त्या दिवशी यानं पिन बरोबर लावली होती," तो म्हणाला. "क्लिपसकट. हा चहा प्यायला गेला, तेव्हा चाक बदलायला मी ट्रॉली सोडली. क्लिप मातीत हरवली. मी खिळा वाकवून घातला. याला सांगितलं नाही. चढावर खिळा तुटला, पिन निघाली आणि ट्रॉली याच्या पायावर आली."

नवीनच्या हातात पिन तशीच राहिली. पहारीवाल्याने पहार हळूच खाली ठेवली.

"दवाखान्यात सांगणार होतो," सत्तार म्हणाला. "हाच म्हणाला, मन्हाच हातनं चुकनं. मग मी गप्प बसलो."

गिरधर खाली, वाळूकडे बघत होता. तसंच बघत तो म्हणाला, "नवीन, लाव पिन. कपाशी सुकी राहिनी."

फोर-व्हीलचा लिव्हर टाकून सत्तारने नाला एका दमात पार केला. चाकं एकदाही फिरली नाहीत. डीपी ओट्यावर चढला, वायरमन खांबाशी लागला. दोनेक तासांनी पहिली मोटार चालू झाली. ठिबकच्या नळ्या फुगल्या, थेंब पडायला लागले. माणसं तिकडे धावली. सत्तारशी कुणी बोललं नाही. त्याने एकट्यानेच दोर गुंडाळले.

गिरधर काठी टेकत जीपच्या खिडकीशी आला.

"तीन वरीसपाईन कमल मले इचारस," तो म्हणाला. "पिन बराबर लाई व्हती ना? मी सांगस, याद नही."

कमलवहिनींचं नाव ऐकून सत्तारने मान खाली घातली.

"मी नही सांगाव तिले. तूच सांग. घरमाच शे ती."

एवढं बोलून तो मागे गेला. आरशात सत्तारला दिसलं, गिरधर दुखरा पाय लांब ठेवून फळीला धरत पिनेपाशी खाली वाकला. बराच वेळ तो वर आला नाही. मग फळीवर थाप पडली. एक. थोड्या वेळाने दुसरी.

सत्तारने क्लच सोडला.

रिकामी ट्रॉली खडखडत मागून येत होती. फाट्यापर्यंत तो एकदाही उतरला नाही. डावीकडे त्याच्या घराकडचा, धरणगावचा डांबरी रस्ता होता, उजवीकडे गिरधरचं गाव. रस्त्यावर मागेपुढे कुणी नव्हतं. तरी सत्तारने उजवीकडचा दिवा लावला, आणि तो लुकलुकत असताना काही वेळ तसाच बसून राहिला. मग गाडी उजवीकडे वळवली.