मानलेली बहीण

सोनी चौकीत गेली, ती पोलीस आपले कुणी लागत नाहीत म्हणूनच. सख्ख्या भावाचं दार तिने आधीच वाजवून पाहिलं होतं. त्याने पोटभर जेवू घातलं, नवी साडी नेसवली आणि स्वतः येऊन तिला परराज्यात, नरोलीला, नवऱ्याच्या खोलीवर सोडून गेला. माया होती, नाही असं नाही. पण अशी माया म्हणजे भीक नको, कुत्रं आवर.

आज विकीने, तिच्या नवऱ्याने, आतून कडी घालून मारलं. ती निसटली, पण चार वर्षांची गुड्डी त्याच्यापाशीच राहिली. सोनीचा डावा हात वर होत नव्हता. दुखतोय का, तेही तिला धड सांगता आलं नसतं.

"तक्रार लिखो," ती टेबलामागच्या जयवंत हवालदाराला म्हणाली. "और मेरी लडकी ला दो. मैं वहाँ नहीं जाऊँगी."

बोलण्यातला गावाकडचा हेल ओळखून त्याने मान वर केली आणि त्याच बोलीत विचारलं, "कोठली शेस तू?"

"शिंदखेडानी."

जयवंतचा चेहरा उजळला. "मन्हं आजोळ शे ते! म्हंजे तू मन्ही बहीनच."

त्याने चहा मागवला, पंखा तिच्याकडे वळवला. सोनीला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याने तिच्याकडून नंबर घेऊन विकीला फोन लावला, गुड्डीला घेऊन ये म्हणून. "रडू नको, मी शे ना," तो म्हणाला. ती रडत नव्हतीच.

विकी गुड्डीला कडेवर घेऊन आला. आता हवालदार त्याला निदान चार शिव्या तरी हासडेल, म्हणून सोनी बघत राहिली.

जयवंत खुर्चीतून उठला. "या दाजी, बसा."

बहिणीचा नवरा तो, त्याला उभं कसं ठेवणार? त्याला स्वतःची खुर्ची दिली, चहा दिला आणि मग हळूच म्हणाला, "बहिनवर हात उचलू नका, दाजी."

"चुकनं," विकी म्हणाला.

"मन्ही तक्रार?" सोनीने विचारलं.

जयवंत दुखावला. "भाऊ शे मी तुन्हा. भाऊ कधी बहिनना संसार मोडस का?"

विकी उठला. गुड्डी त्याच्या गळ्यात हात टाकून होती, म्हणून सोनीही मागोमाग निघाली.

विकीने गुड्डीला पुढे मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं आणि गाडी सुरू केली. सोनी मागे बसली.

"बरं झायं," तो मान न वळवता म्हणाला. "आते पोलीसबी आपलाच सोयरा."