लेकीचा कागद

लिफ्ट दुरुस्त करण्यात मिस्त्रीची तीस वर्षं गेली होती. त्यामुळे आपल्या कादंबरीबद्दलही त्याची खात्री होती की सगळं तपासून झालंय, आता कुठे अडकायचं नाही. अहो, आपलं लिखाण म्हणजे आपलं पोर. नाक शेंबडं असलं तरी देखणंच दिसतं!

हातानं लिहिलेली दोनशे ऐंशी पानं प्रकाशकानं परत पाठवली, वर दोन ओळी: गोष्ट चांगली आहे, पण आधी कुणा जाणकार संपादकाला दाखवा. मिस्त्री आठवडाभर धुमसला. मग निमूटपणे जाऊन त्यानं वाचनालयाच्या माडीवर शनिवारी भरणाऱ्या लेखनवर्गात नाव घातलं.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको आजारी पडली, तेव्हा लेक दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शेवटच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पोरीचं वर्ष वाया जायला नको म्हणून आजार किती मोठा आहे ते त्यानं तिला कळूच दिलं नाही. फोन केला तो थेट आई गेल्यावर. तेव्हापासून लेक यायची, चहा घ्यायची, "औषधं वेळेवर घेता ना?" एवढं विचारायची आणि निघायची. भांडण नाही, तंटा नाही, पण मनातलं एक अक्षर बोलायची नाही. आपण तसं का वागलो ते मिस्त्रीला तिच्यासमोर बसून सांगता येईना, म्हणून त्यानं कादंबरी लिहिली. पुस्तक छापून लेकीच्या हातात ठेवायचं. ती वाचेल, आणि बापाला माफ करेल.

तो वर्ग चालवणाऱ्या संपादकबाईंची कामाची तऱ्हाच निराळी होती. हस्तलिखित वाचून झालं की त्या प्रत्येक पात्राचा वेगळा कागद करायच्या. त्या पात्राच्या तोंडची वाक्यं तेवढी त्यावर उतरवायची. वर्णन नाही आणि लेखकाचं शहाणपण तर मुळीच नाही. मग ते कागद वर्गात वाटायचे. ज्याच्या हाती जे पात्र, त्यानं आपली पाळी आली की वाचायचं. लेखकानं गप्प बसून ऐकायचं.

मिस्त्रीची पाळी आली त्या शनिवारी वर्गात चौघं होती. कादंबरीतल्या बापाचे कागद निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेले. अकरा होते, टाचणीत मावेनात. डॉक्टरचा कागद एकाकडे, मामाचा दुसऱ्याकडे. लेकीचा कागद संपादकबाईंनी घडी घालून वर्गातल्या नर्सबाईंच्या हातात दिला, आणि पाळी आल्याशिवाय उघडू नका म्हणून बजावलं.

वाचन पाऊण तास चाललं. पोस्टमास्तरांचा घसा बसला. मामानं सल्ले दिले, डॉक्टरनं धीर दिला, बापानं तर पानंच्या पानं आपली बाजू मांडली. नर्सबाई आपल्या घडीवर बोट ठेवून बसल्या होत्या. शेवटचं वाक्य संपलं तरी त्या तशाच.

"बाई, माझी पाळी आलीच नाही की हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कागद उघडला. कोरा करकरीत होता.

"चुकून आला असेल," मिस्त्री घाईघाईनं म्हणाला.

"चुकून नाही. मी दोनदा शोधलं," संपादकबाई म्हणाल्या. "लेक बेचाळीस पानांवर आहे. सतरा वेळा मान हलवते. नऊ वेळा खिडकीबाहेर बघते. बोलत एकदाही नाही."

"मान अवघडली असेल हो पोरीची!" पोस्टमास्तर म्हणाले. सगळे हसले. मिस्त्रीला काही हसू येईना.

"तुमच्या भाषेला मी आज हातही लावणार नाही," बाई म्हणाल्या. "हे पुस्तक एका मुलीपासून लपवलेल्या गोष्टीचं आहे. मग त्यावर ती काय म्हणाली? तेवढं लिहून आणा, मग पुढचं."

मिस्त्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला. या बाईनं त्याचं घर पाहिलेलं नाही, लेकीला पाहिलेलं नाही. हाती नुसती पानं आणि एक पेन्सिल, आणि बोट ठेवलं ते नेमकं कुठे! दोन वर्षं रोज ती पानं त्याच्याच हाताखालून गेली होती, आणि त्याला मात्र ते दिसलं नव्हतं.

आठवडाभर तो लेकीच्या तोंडी वाक्य घालायला बसला. "बाबा, तुमचं बरोबरच होतं." खोडलं. "बाबा, मी समजू शकते." तेही खोडलं. काहीही लिहा, आवाज आपला बापाचाच.

पुढच्या रविवारी लेक आली. चहाचा कप हातात देऊन त्यानं विचारून टाकलं, "आई गेली त्या दिवशी तुला काय म्हणायचं होतं गं? मी कधी विचारलंच नाही."

तिनं कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"सगळं. आईनंच फोन करून सांगितलं होतं. दर गुरुवारी तुम्ही गावाबाहेरच्या कारखान्यात लिफ्ट बघायला जायचात ना, तेव्हा मी दुपारच्या बसनं हॉस्पिटलात यायचे. अंधार पडायच्या आत परत. सहा गुरुवार आले. वॉर्डातल्या मावशींनाही आईनं दम भरला होता, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"का पण?"

"म्हणायची, पोरीला आपण यातून वाचवलं, एवढ्या एकाच गोष्टीवर तुझा बाबा उभा आहे. तेवढं त्याच्याकडे राहू दे. शपथ घातली होती मला. आणि ती गेल्यावर सगळे म्हणत होते, बिचारीला शेवटची भेटसुद्धा झाली नाही. तुम्हीही तेच सांगत होतात. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, बाबा. चार वर्षं घेतेय."

मिस्त्रीला रडू फुटलं. लाज तर वाटलीच, पण लाजेहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं. मरणाच्या दारात पडलेली ती बाई त्याला सांभाळत होती, आणि शेंबडी म्हणून ज्या पोरीला त्यानं लांब ठेवलं, तीही. चार वर्षं त्याला वाटत होतं, बायकोबद्दल आता नवीन कळण्यासारखं काही उरलं नाही. आणि इथे तिचे सहा दिवस होते, त्यानं न पाहिलेले, सगळेच्या सगळे जपून ठेवलेले.

त्यानं खुर्ची लेकीच्या जवळ ओढली.

"पहिल्या गुरुवारी," तो म्हणाला, "कशी होती ती? काय बोलली?"

लेकीनं डोळे पुसले आणि सांगायला लागली.