कानातून काढून ठेवल्यावर

मी कानाचं मशीन बोलतोय. शेंगदाण्याएवढा माझा जीव, पण एका घरातलं सगळं मला ठाऊक आहे. ऐकणं हेच माझं काम, त्यामुळे चोंबडा म्हणालात तरी राग नाही.

त्या घरातल्या बाबांच्या उजव्या कानाचा साचा घेऊन मला घडवलं. तीस वर्षं बॉयलरपाशी काम करून त्यांचे कान गेले होते. मला घालून घरी आले आणि बायकोला म्हणाले, "अगं, एवढी ओरडून का बोलतेस?" ती बिचारी दहा वर्षं ओरडतच होती.

आठ महिन्यांपूर्वी ती आजारपणात गेली. तेव्हापासून बाबा लेकीकडे राहतात. बाबा ख्रिस्ती, एकही रविवार न चुकवणारे. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, जावई कॉलेजात गणित शिकवतात. दोघांचा देवावर काडीचा विश्वास नाही. आणि नऊ वर्षांची नात, आजोबांचं बोट धरून चर्चला जाणारी. लेकीला ते पटेना. पोर मोठी होऊन स्वतः ठरवेल, तोवर नको, असं तिचं म्हणणं.

रोजची धुसफूस नको म्हणून तिघांनी एक ठरवलं. रविवारी जेवणं झाली आणि पोर खेळायला गेली की वाद घालायचा. ज्याच्याकडे उत्तर उरणार नाही, त्याने नातीच्या बाबतीत माघार घ्यायची.

बाबा म्हणायचे, जग आपोआप कसं होईल? जावई विचारायचे, मग देवाला कुणी केलं? बाबा म्हणाले, देव नाही तर चांगुलपणा येतो कुठून? लेक म्हणाली, "सुई हळू टोचायला मला देव लागत नाही." यावर बाबासुद्धा हसले होते.

मागच्या रविवारी मात्र कुणी हसलं नाही.

"बाबा, आई बऱ्या झाल्या असत्या, तर देवाने प्रार्थना ऐकली म्हणाला असतात," जावई सावकाश म्हणाले. "गेल्या, तर त्याची इच्छा म्हणता. मग काय घडलं असतं म्हणजे तुम्ही देव नाही असं म्हणाला असतात?"

बाबांच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. मी तिला टेकूनच असतो.

"आईला मधे आणू नकोस," लेक नवऱ्याला म्हणाली. मग थांबून, "पण उत्तर द्या, बाबा."

बाबा उठले, खोलीत गेले. मला काढून डबीत ठेवलं, पण बंद करायचं विसरले. तसं झालं की मी शिट्टी मारत राहतो. बाबांना ती ऐकू येत नाही. लेकीला आली. मला बंद करायला ती दारापर्यंत आली आणि थबकली. मागोमाग जावयांच्या सपाता वाजल्या.

बाबांनी गुडघे टेकले होते. आपण मनातल्या मनात बोलतोय असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात जिन्यात ऐकू जाईल असा आवाज.

"जावई बरोबर बोलले. माझ्याकडे उत्तर नाही. ती गेल्यापासून तुझा एक शब्द नाही. मी रोज प्रार्थनेला बसतो तो तुझ्यावर चिडायला. तू नाहीसच म्हटलं, तर मी चिडू कुणावर? लेकीवर? तिने तर आईसाठी हाडाची काडं केली."

दोघं चवड्यांवर परत गेले. बहिऱ्या माणसाला चाहूल लागू नये म्हणून!

बाबा मला घालून बाहेर आले. "हरलो मी. पुढच्या रविवारपासून पोर घरीच राहील."

जिंकलेल्या जावयांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, बाबा," जावई म्हणाले. "तुमचं खरं कारण तुम्ही अजून सांगितलंच नाहीत."

"कसलं कारण?"

जावयांनी तोंडाशी आलेलं गिळलं. "ते मी कसं सांगू? तर्कात बसत नसलं तरी चालेल."

गणिताच्या मास्तरांनी असं म्हणावं! मग बाबा तेच सगळं पुन्हा बोलले, हळू आवाजात. लेकीचं तेवढं वगळून.

"मलाही राग येतो, बाबा," लेक म्हणाली. "रोज येतो. नेऊन टाकू कुठे, ते कळत नाही." नाक ओढलं. "म्हणून देव आहे, असं मी म्हणत नाहीये."

"माहीत आहे."

"पोरीला न्या. पण ती काही विचारेल तेव्हा उत्तर येत नसेल, तर येत नाही म्हणायचं. पाठ केलेलं सांगायचं नाही."

"येत नाही म्हणेन," बाबा म्हणाले.

आता माझा साचा सैल झालाय, आवाजही खरखरतो. नवं मशीन घ्यायचं चाललंय, मी खणात जाईन. तक्रार नाही, बरंच ऐकून झालं. फक्त एक विनंती आहे. बाबा भेटले तर खुशाल वाद घाला, त्यांना आवडतो. पण त्यांची प्रार्थना बाहेर ऐकू येते, हे मात्र त्यांना सांगू नका.