उबपेटीतली भुरी

मी एक जुनी उबपेटी आहे. मित्रांनो, नशिराबादजवळच्या एका पशुप्रयोगशाळेत मी राहते. उन्हातून आलेला माणूस मला फ्रिज समजतो आणि थंड पाणी मागतो. मला मनातल्या मनात हसू येतं. माझं काम नेमकं उलटं! म्हशीच्या पोटात असते तेवढी ऊब मी राखते आणि त्या उबेत डोळ्यांना न दिसणारे गर्भ वाढतात.

मला इथे डॉक्टर चेलनाबाईंनी आणलं. घराणं कापडाच्या व्यापाऱ्यांचं, पण बाई रमल्या गोठ्यांत. एकटा गर्भ बऱ्याचदा कोमेजतो. म्हणून त्या बशीच्या तळाशी आधी म्हशीच्या गर्भनलिकेतल्या पेशी वाढवत आणि मग त्यांच्या सोबतीला गर्भ ठेवत. त्या पेशी गर्भाला पोसतात, त्याच्याभोवतीची घाण आवरतात. मी त्यांना मावश्या म्हणते.

"मॅडम, आता तयार द्रावणं मिळतात. हा जुना कुटाणा कशाला?" मदतनीस ललितभाऊ कुरकुरायचे. बोलताना माझ्याकडेही बघायचे. मला फार लागायचं.

एकदा दोंडाईच्याकडच्या पुष्पाबाईंच्या भुरी नावाच्या म्हशीचे गर्भ माझ्याकडे आले. भुरीनं त्यांचं घर दुधातुपात ठेवलं होतं, पण तिला झाले ते सगळे नरच, एकही पारडी झाली नव्हती. पुन्हा बीजांडं घ्यावीत असं तिचं वय उरलं नव्हतं. चेलनाबाईंनी काही गर्भ नुसत्या द्रावणात ठेवले, काही मावश्यांजवळ.

मध्येच खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे नांगरापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांची पूजा होते. पुष्पाबाई नारळ घेऊन आल्या. डॉक्टर शेजारच्या खोलीत वळल्या तोच पुष्पाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, कापूर पेटवला, उदबत्त्यांचा जुडगा ओवाळला आणि भुरीच्या लेकरांना प्रसादाचा वास मिळावा म्हणून माझं दार उघडलं! आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी पूजा करत होतं, आणि मी भीतीनं गारठले होते. तो धूर गर्भांना विषासारखा असतो.

चेलनाबाई धावत आल्या. त्यांनी दार लावलं, खिडक्या उघडल्या. त्या रागावल्या नाहीत, नुसतं समजावून सांगितलं. पुष्पाबाईंनी घाईघाईनं उदबत्त्या विझवल्या.

"मना हाते भुरीनी वेल तुटनी का वं माय?"

"अक्का, सकाळी बघू."

सकाळी नुसत्या द्रावणातले सगळे गर्भ काळवंडलेले दिसले. मावश्यांच्या बशीत मात्र एक टपोरा गर्भ तग धरून होता. मावश्यांनी धुराचं विष पचवलं की नशीबच बलवत्तर, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. ललितभाऊ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात.

"एक ते शे ना!" पुष्पाबाई रडता रडता हसल्या.

तो गर्भ एका तरुण म्हशीच्या पोटात रुजला. पुढच्या खंडेनवमीला पुष्पाबाई पुन्हा आल्या. उदबत्ती त्यांनी फाटकाबाहेरच लावली, माझ्यासमोर फक्त हात जोडले आणि काचेला मोबाइल टेकवून मला फोटो दाखवला. कपाळावर पांढरा ठिपका, अगदी भुरीसारखी पारडी!

आता माझ्या दाराचं रबर सैल झालंय. ललितभाऊच ते जपून पुसतात, नवं बसवायचं म्हणतात. मित्रांनो, जुन्याला मान जरूर द्या, पण त्याला काय सोसतं हे आधी विचारा. आणि माझं दार हळूच लावा. आत कुणाची तरी भुरी असते.