लग्नापासूनची सुरी

मेणाचा डबा काही केल्या उघडत नव्हता. मास्तरीणबाईंनी तो गुडघ्यांत धरून पाहिला, झाकणावर मुठीनं ठोकून पाहिलं, त्याला दोन शिव्याही घालून पाहिल्या. डबा ढिम्म. तेवढ्यात त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या सुरीवर गेली.

ही सुरी म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. मास्तर ताडपत्र्या शिवायचे. ट्रकवरच्या, गोदामांवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छतं, मोटारींची आवरणं. घराची पुढची खोली हाच कारखाना. मास्तर मशीनवर, आणि मास्तरीणबाई खाली कापडावर फतकल मारून कडा दुमडणार, रिंगा ठोकणार, दोऱ्या ओवणार. काम दोघांचं, पण सुरी एकट्या मास्तरांची. बोटाएवढं पातं, काळपट लाकडी मूठ, कातडी म्यान, आणि ते म्यान अष्टौप्रहर मास्तरांच्या कमरेला. सुरी दिली होती मास्तरीणबाईंच्या वडिलांनी, जावयाला, लग्नात. वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे आणि आपल्या प्रत्येक हत्याराच्या मुठीवर तापल्या आरीनं एक आडवी रेघ डागायचे. तशी रेघ हिच्याही मुठीवर होती.

"लग्नापासून हीच सुरी," मास्तर आल्यागेल्याला ऐकवायचे. "हत्यार जपावं लागतं. आमच्या हिच्या हातात कात्री दिली तर आठवड्यात बोथट. सुरी दिली तर बोटं मोजायची वेळ येईल."

त्यामुळे दोरी कापायची झाली की मास्तरीणबाईंनी हाक मारायची, "अहो, जरा सुरी देता का?" मास्तर सुरी द्यायचे नाहीत. मशीन थांबवून उठायचे, यायचे, स्वतः कापायचे, पातं बाहीला पुसून म्यानात घालायचे आणि मोठा उपकार केल्यासारखे परत जायचे. वाट बघून कंटाळा आला की बाई मेणाचा दोरा दातानंच तोडायच्या. पुढच्या दाताचा टवका त्यातच उडालेला.

तर असे हे मास्तर मोतीबिंदू काढायला गेले होते. साखर जरा जास्त निघाली म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. मुलगा तिकडे सोबतीला होता. हॉस्पिटलात सुरी नेऊ देईनात, म्हणून ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांच्या कमरेवरून उतरून खिळ्यावर आली. जाताना मास्तर उंबऱ्यात थांबून बजावून गेले होते, "हात लावायचा नाही."

मास्तरीणबाईंनी हात लावला. सुरीचं टोक झाकणाच्या कडेत घातलं आणि जोर दिला.

टक!

झाकण जागचं हललं नाही. सुरीचं टोक मात्र गेलं. गेलं म्हणजे कुठं गेलं तेही कळेना. बाईंनी कापड झटकलं, मशीनखाली पाहिलं, पदर झाडला. हातात उरली बोथट नाकाची सुरी.

"वहिनी, कसला आवाज झाला गं?"

दारात वन्सं. म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, भावाच्या डोळ्यासाठी म्हणून आलेली. वन्संच्या तोंडात तीळ भिजत नसे. मास्तरीणबाईंच्या पाचावर धारण बसली.

"काही नाही वन्सं."

"काही नाही तर मग पदराआड काय आहे?" वन्संनी पदर बाजूला सारला, सुरी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा काही खुलला की मास्तरीणबाई आणखीच घाबरल्या. "दादाची सुरी! आता जन्मभर ऐकवेल तो तुला. मेलीस तू."

"तुम्ही सांगणार आहात?"

"सांगायचं तर मला फार आहे," वन्सं खरं तेच बोलल्या. "पण तो येईपर्यंत दुसरी हुबेहूब मिळाली, तर मजा जास्त येईल. चल, मी पण येते."

मास्तर धार लावायला जायचे ते दुकान बोळाच्या टोकाला होतं. मास्तरीणबाई तिथं कधी गेल्या नव्हत्या, त्यांना कुणी नेलंच नव्हतं. भिंतभर कात्र्या, विळे, करवती, आणि मधोमध म्हातारा दुकानदार पायानं चाक फिरवत कुणाच्या तरी कुऱ्हाडीला धार लावत बसलेला. बाईंनी रुमाल सोडून सुरी त्याच्यापुढे ठेवली.

"अशीच हवी. अगदी हुबेहूब."

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "अरेच्चा, ही तर मास्तरांची! एवढ्यात मोडली? या खेपेला तर पोलाद चांगलं होतं."

"या खेपेला?" दोघी एकदम म्हणाल्या.

दुकानदार सावध झाला. "तुम्ही मास्तरांच्या कोण?"

"शेजारणी," वन्सं डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या. "मी उजवीकडची, ही डावीकडची. ते बिचारे हॉस्पिटलात आहेत, म्हणून आम्ही आलो."

"मग सांगायला हरकत नाही," दुकानदार खुशीत येऊन म्हणाला. बरेच दिवस पोटात ठेवलेलं त्यालाही जड झालं असावं. "दर दोनेक वर्षांनी नवी नेतात. मूठ जुनी दिसायला हवी, म्हणून मी ती कडक चहात भिजत घालतो, मग तेल चोळतो. वरची रेघ मात्र ते स्वतः डागतात, मला हात लावू देत नाहीत. बायकोला कळता कामा नये म्हणे. फार कजाग आहे, म्हणतात."

"कजाग?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तसं म्हणतात बुवा. मी काही पाहिलेली नाही."

वन्सं पाठमोऱ्या होऊन भिंतीवरचे विळे बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आणि पहिली? सासऱ्यांनी दिलेली?"

"ती कसली टिकते! लग्नाच्याच वर्षी मोडली. मेणाचा डबा उघडायला गेले होते तिनं." दुकानदार चाकावरचं पाणी पुसत म्हणाला. "पोरगेला होता तेव्हा. रडवेला होऊन आला इथं. सासऱ्यांची भीती नाही म्हणाला, पण तिला वाईट वाटेल."

 मास्तरीणबाईंना आठवलं, मुठीवरची रेघ पूर्वी अंगठ्याच्या बाजूला होती आणि एक दिवस ती बोटांच्या बाजूला दिसली होती. त्यांनी तसं म्हटलंही होतं. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "वय झालं तुझं, आता भलतंच आठवायला लागलंय." म्हणजे त्यांना वाईट वाटू नये म्हणून एक सुरी, आणि मग पुढचं सगळं आयुष्य फुशारकी मारायला बाकीच्या! वडिलांच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी येतंय की हसू, त्यांचं त्यांनाच कळेना. शेवटी हसू जिंकलं. टवका उडालेला दात दिसेपर्यंत त्या हसल्या.

"काढू का मग तशीच एक?" दुकानदारानं विचारलं. "चहा ठेवावा लागेल."

"नको. याच सुरीला घासून नवं टोक काढा."

"पातं आखूड होईल हो."

"होऊ द्या. आणि मला एक सुरी दाखवा. माझ्यासाठी. रोज अंगावर वागवायची."

दुकानदारानं आधी गुलाबी मुठीची एक नाजूक सुरी काढली. "बायका हीच नेतात. सफरचंद छान कापते."

"मी सफरचंद शिवत नाही."

मग घडीची निघाली, खिशात मावणारी. मास्तरीणबाईंनी ती नखानं उघडून पाहिली आणि परत दिली. "हिला दोन हात लागतात. माझा एक हात कायम कापडावर. सोडला की कड निसटते."

मग आली एक लांब, टोकदार, चकाकती. वन्संना ती फार आवडली. बाईंनी ती कमरेला लावली आणि दुकानातच जमिनीवर फतकल मारून बसल्या. "ही पोटात जाईल माझ्या. आणि एवढं टोक घेऊन करू काय? वरचं कापड कापताना खालचं भोसकेल."

"तुम्ही नक्की शेजारीणच ना?" दुकानदार म्हणाला.

"आम्ही शेजारीही ताडपत्र्याच शिवतो," वन्सं म्हणाल्या.

शेवटी त्यानं खालच्या खणातून एक सुरी काढली. धूळ बसलेली, कुणी न विचारलेली. पातं आखूड आणि रुंद, धार सरळ, नाक बसकं. पोलाद मुठीतून पार टोकापर्यंत गेलेलं, तीन रिबिटांनी आवळलेलं. बाईंनी काही न बोलता साबण आणि पाणी मागितलं. दुकानदारानं दिलं. त्यांनी हात साबणानं बुळबुळीत केला आणि सुरी मुठीत धरली. "मेणाच्या हातानं धरायची आहे," त्या म्हणाल्या. सुरी घसरली नाही. मग त्यांनी घरून आणलेला जाड दोरीचा तुकडा काढला आणि ओढला पात्यावरून. दोरी अशी सुटली की दोन्ही टोकांना एक धागा निघाला नाही.

"ही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्यान डाव्या बाजूचं द्या. उजवीकडे माझ्या रिंगांचा डबा असतो."

मास्तर आले ते काळा चष्मा लावून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. मुलगा औषधाचे थेंब आणायला गेला. मास्तरांनी खुर्चीवर टेकायच्या आधी हात पुढे केला.

"सुरी?"

मास्तरीणबाईंनी दिली. मास्तरांनी म्यान उघडलं, सवयीनं अंगठा पात्याच्या पाठीवरून पुढे नेला, आणि पातं लवकर संपलं. त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा संपलं.

"अगं, ही आखूड कशी झाली?"

"झिजली असेल," बाई रिंग ठोकत म्हणाल्या. "लग्नापासूनची ना? इतकी वर्षं धार लावायची म्हणजे झिजणारच की."

"अगं, पण दोन वर्षांत एवढी..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

"कसली दोन वर्षं?"

"दोन वर्षं... म्हणजे दोन वर्षं झाली असतील, मी नीट पाहिलंच नाही. डोळा अधू ना माझा."

"तेच म्हणते मी."

कोपऱ्यात वन्संना ठसका लागला. त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि आत बराच वेळ खोकत राहिल्या. खोकला हसण्यासारखाच ऐकू येत होता.

मास्तर खुर्चीवर टेकले. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जोर करायचा नाही असं सांगितलं होतं, म्हणून बसून नुसतं बघायचं होतं. आणि नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. कापडाचा हिरवा रंग दिसला, टाक्यांतली मेणाची चमक दिसली. मग बायकोनं कमरेला हात नेऊन काहीतरी काढलं, दोरी कापली आणि परत ठेवलं, तेही दिसलं.

"ते काय होतं?"

"सुरी."

"कुणाची?"

"माझी."

"बघू."

"अंहं," मास्तरीणबाई वर न बघता म्हणाल्या. "तुमच्या हातात दिली तर बोटं मोजायची वेळ येईल. डोळे बरे झाले की बघू."

 विषय बदलावा म्हणून मास्तर म्हणाले, "त्या दोऱ्याला मेण कमी पडतंय. डबा घे."

"डबा उघडत नाहीये."

"मग सुरीनं नको हं उघडूस!" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

 मास्तरीणबाईंनी हातोडी खाली ठेवली.

"का हो? डब्यानं सुरी मोडते की काय?"

"मोडते... मोडत असेल."

"तुम्हाला कसं ठाऊक? तुमची तर कधी मोडली नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काळा चष्मा पुसण्यात एरवी कुणी एवढा वेळ घालवत नाही.

"द्या इकडे तो डबा," आतून येत वन्सं म्हणाल्या. त्यांच्या हातात चमचा होता. "दोघांनाही अक्कल कशी ती नाही." त्यांनी चमच्याची दांडी झाकणाच्या कडेत घातली, चहूबाजूंनी जरा जरा उचकटलं, आणि झाकण भसकन वर आलं. त्याच्याबरोबर कडेत अडकलेलं काहीतरी उडालं, फरशीवर टिणकन वाजलं आणि घरंगळत जाऊन मास्तरांच्या खुर्चीपाशी थांबलं.

पोलादाचा एवढासा तुकडा. टोकदार.

मास्तरांनी खाली पाहिलं. नव्या डोळ्यानं पाहिलं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. मग बायकोकडे पाहिलं. बायकोही त्यांच्याकडेच बघत होती, हात डाव्या कमरेवर ठेवून, आणि ओठ असे आवळून की त्यांच्यामागं ते दुकान, तो चहा, ती रेघ आणि तो कजाग शब्द, सगळं खचाखच भरलेलं मास्तरांना स्पष्ट दिसलं.

"दादा, काय पडलं रे?" वन्संनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मास्तरांनी पाय सरकवला आणि अलगद त्या तुकड्यावर ठेवला.

"काही नाही," ते म्हणाले. शर्टाच्या बाहीचा एक सुटलेला धागा त्यांनी चिमटीत धरला, घसा खाकरला आणि म्हणाले, "अगं, जरा सुरी देतेस का?"

मास्तरीणबाई उठल्या. आल्या, स्वतः धागा कापला, पातं पदराला पुसलं, म्यानात घातलं आणि परत जाऊन बसल्या.