अर्ध्या सिद्धतेला भोपळा

गणिताच्या सरांना मुलं पाठीमागे शून्यसर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. सिद्धता शेवटपर्यंत गेली नसेल तर सर सरळ भोपळा द्यायचे, मग मुलानं तीन ओळी लिहिलेल्या असोत की तीन पानं. "नदीच्या मध्यापर्यंत बांधलेल्या पुलावरून कोण जातं का रे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पालक भांडून गेले, प्राचार्य गोडीगुलाबीनं सांगून थकले, पण सरांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या नियमाखाली चिरडून न जाता वाढलेली एकच विद्यार्थिनी होती. वर्गात तिला मुंगी म्हणत. बारीक चणीची, तोंडातून शब्द न काढणारी, आणि एकदा गणिताला चिकटली की ते संपवल्याशिवाय न सोडणारी. पदवीचं शेवटचं वर्ष. घरी वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, की परीक्षा झाली की काकांच्या औषधांच्या दुकानात बसायचं. पुढे शिकायचं असेल तर एकच वाट होती. मोठ्या विद्यापीठात पदवीच्या मुलांसाठी उन्हाळ्यात गणिताचं संशोधन शिबिर भरायचं. तिथे निवड झाली की पुढच्या शिक्षणाची सोय जवळजवळ लागल्यासारखीच असे. "तिथे घेतलं तर शीक, माझी ना नाही," एवढं वडिलांनी कबूल केलं होतं.

अर्ज कर म्हणून सरांनीच तिच्या मागे लागून सांगितलं होतं. शिबिर चालवणारा त्यांचा कॉलेजातला दोस्त, ढब्बू. अर्जात गुण द्यायचे, शिक्षकाची शिफारस जोडायची, आणि आपण झगडलेल्या एखाद्या प्रश्नावर दोन पानं लिहायची. शिफारस सरांनी एका बैठकीत लिहिली आणि स्वतःवरच खूश होऊन दोनदा वाचली. त्यातलं त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, 'ही मुलगी अर्धवट काम कधीही कुणापुढे ठेवत नाही.'

मग एका दुपारी ढब्बूचा फोन आला.

"काय रे, पाहुण्याची बॅग आली, पण पाहुण्याचा पत्ता नाही! तुझी शिफारस आहे, मुलीचा अर्ज कुठाय?"

"तिकडेच घोळ झाला असेल तुमचा."

"घोळ नाही बाबा. तिनं सगळं भरलंय, फक्त ती दोन पानं चढवलेली नाहीत. मुदत केव्हाच संपली. निवडसुद्धा झाली."

सरांचा पारा चढला. एवढं करून पोरीनं आळस केला! त्यांनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. ती आली आणि नेहमीप्रमाणे दारापाशीच उभी राहिली.

"अर्ज का नाही केलास?"

"झालं नाही, सर."

"काय झालं नाही? हात दुखत होते?"

तिनं पिशवीतून चार कागद काढून टेबलावर ठेवले. कॉलेजात फरश्या बसवताना पाहून तिला एक प्रश्न पडला होता. तीन चौकटी काटकोनात जोडलेल्या वाकड्या फरशीनं खोली अशी भरायची, की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही सरळ फट जाता कामा नये. कुठल्या मापाच्या खोल्यांत हे जमेल? सर रागातच वाचायला बसले. दुसऱ्या पानावर राग विसरले. तिसऱ्या पानावर तिनं फटी मोजायची अशी काही युक्ती काढली होती, की सरांनी नकळत टेबलावर थाप मारली. शेजारी चहा पिणाऱ्या रसायनशास्त्राच्या बाईंनी दचकून वर पाहिलं.

"अगं, मग घोडं पेंड कुठे खातंय?"

"दोन्ही बाजू विषम असल्या की, सर. तिथे अडलं. शेवटच्या रात्रीपर्यंत बसले होते."

"पण हेच पाठवायचं होतं ना! झगडलेला प्रश्न लिहा म्हणाले होते ते. सुटलेला कुठे मागितला होता?"

"वाचलं होतं, सर. पण अर्धंच होतं." ती जरा घुटमळली. "तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहिलं असणार. असलं अर्धवट पाठवून तुम्हाला मान खाली घालायला कशी लावू?"

वर्षानुवर्षं ज्या पुलाच्या वाक्यावर सरांनी वर्ग हसवला, त्याच वाक्यानं त्यांची सगळ्यात गुणी पोर वाटेतच थांबवली होती. त्यांनी कागद नीट जुळवून तिला परत दिले आणि "बघतो मी" म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी ढब्बूला फोन लावला. आर्जवं केली, जुनी मैत्री काढली, स्वतःची चूक कबूल केली. आयुष्यात पहिल्यांदाच सर कुणाकडे तरी अर्ध्या कामाचे गुण मागत होते.

"अरे, जागा भरल्या, मुलांना कळवलंसुद्धा. आता कुणाला काढू?" ढब्बू म्हणाला. "आणि एक सांगू? निवडलेल्यांपैकी एकाचंही पूर्ण नाहीये. पूर्ण झालेलं घेऊन आम्ही उन्हाळाभर करायचं काय?"

सरांनी घरी बायकोला सगळं सांगितलं. या वर्षापासून अर्ध्या सिद्धतेला अर्धे गुण देणार, असंही जाहीर केलं. बायको दवाखान्यात नर्स होती, तिला लपवाछपवी जमत नसे.

"बैल गेला नि झोपा केला," ती म्हणाली. "पण त्या पोरीला सांगितलंत का, की चूक तुमची होती?"

सांगायचं म्हणता म्हणता परीक्षा उरकली. शेवटी एके सकाळी डोकेदुखीचं निमित्त करून सर तिच्या काकांच्या दुकानात गेले. मुंगी काउंटरमागे डॉक्टरांचं अक्षर लावत बसली होती. त्यांना पाहून ती चटकन उठली.

"मला गोळी नकोय," सर म्हणाले. "माझं चुकलं, हे सांगायला आलोय. तो नियमच चुकीचा होता. तुझं नुकसान माझ्यामुळे झालं."

"असं काय बोलता, सर!" ती खरोखर घाबरली. "तुमच्यामुळेच तर मला शिस्त लागली. काकाही म्हणतात, हिच्या हातून काही राहून जात नाही."

तिच्या आवाजात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. तिथे नुसता आदर होता, आणि तो त्यांना सोसवेना.

"ती पानं मला दे," ते घाईनं म्हणाले. "तुझ्या नावानं ढब्बूला पाठवतो. पुढचं तो शिबिरातल्या मुलांकडून करून घेईल. नाव तुझंच राहील. कदाचित पुढे काही..."

"ती नाहीत आता."

"नाहीत म्हणजे?"

"दुकानात यायला लागले तेव्हा टेबल आवरलं. तेव्हाच टाकली, सर," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "अर्धीच तर होती."

मागे खोकल्याचं औषध हवं असलेल्या एक बाई ताटकळत उभ्या होत्या. सर बाजूला झाले.