पी-युनकाकूंची यादी

आमच्या जिन्याशेजारी एक पुठ्ठा टांगलेला आहे. बिस्किटांच्या खोक्याचा, आतली पांढरी बाजू वर केलेला. आमच्या लिऊच्यू बेटावर कुठे खावं आणि कुठे राहावं, हे त्यावर पी-युनकाकूंनी चौदा वर्षांपूर्वी निळ्या शाईने लिहून ठेवलंय. सकाळी मान-यूकडे अंडं घातलेली पोळी, तीही नऊच्या आत, नंतर तिचं तेल आणि डोकं दोन्ही तापतं. दुपारी देवळासमोर माशाच्या गोळ्यांचं सूप. संध्याकाळी धक्क्यावर भाजलेलं माकूळ, पण वारा असेल तर नको, दाताखाली वाळू येते. राहायला इथेच, लियेनकडे, वरची कोपऱ्यातली खोली. इथे भरलेलं असेल तर मान-यूची माडी. तिथेही भरलेलं असेल तर देवळामागच्या होंगबाई. तेही नाही जमलं तर दीपगृहाखालचं निळ्या दाराचं घर. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'चारही ठिकाणी जागा नसेल तर शनिवार असणार. परत जा, मंगळवारी या.'

लियेन म्हणजे मी. पाच खोल्या देते. पाहुणे त्या पुठ्ठ्याचे फोटो काढतात आणि मला विचारतात, लिहिणाऱ्या बाई कोण, तुमच्या आई का? मी म्हणते, नाही, पाहुण्याच.

पी-युनकाकू आणि खांगकाका दर सप्टेंबरात यायचे, च्यायी शहराहून, मंगळवारी. काकांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. काकूंचा धंदा बोलण्याचा आणि खाण्याचा. मूलबाळ नव्हतं. काका आल्या आल्या न विचारता माझ्या सासूबाईंचं जुनं मशीन उघडून बसायचे आणि काकू म्हणायच्या, "बघ, लग्नातसुद्धा माझ्या आधी हे माझ्या आईच्या मशीनला भेटले."

या सप्टेंबरात मंगळवारी दुपारच्या बोटीने काका एकटेच उतरले. पट्ट्याला नवीन भोकं पाडलेली, तरी पँट हाताने धरलेली. चेहरा मेणासारखा. जिना चढताना तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा पुठ्ठा वाचायला थांबल्यासारखं दाखवलं.

"काकू?" मी विचारलं.

"गेली. फेब्रुवारीत. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मला फोन धरून उभं राहावं लागलं असतं. आता समोर आहेस, जेवायला वाढ."

मी रताळं घातलेली पेज वाढली. दोन चमचे खाल्ले आणि उरलेली पेज वाटीत हळूहळू फिरवत बसले.

"डॉक्टर काय म्हणतात, काका?"

"म्हणतात, आवडेल ते खा, आवडेल तिथे राहा. फार समजूतदार डॉक्टर. तरुण आहे."

रजिस्टरमध्ये पत्ता लिहिताना त्यांचं पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. मग दरवर्षीचाच पत्ता आणि घरचा फोन नंबर लिहिला. किती दिवस, या रकान्यात काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीतून समुद्र दोन बाजूंनी दिसतो, आठवडाभर राहतील, जरा चेहऱ्यावर रंग येईल, असं मी मनाशी म्हटलं. माणूस मनाशी काहीही म्हणू शकतो.

गुरुवारी सकाळी काका खाली गॅलरीत बसले असताना मी खोली झाडायला गेले. त्या खोलीतलं कपाट दमट हवेने फुगलेलं आहे, दार बसत नाही. आत त्यांची पिशवी उघडी होती. वर गडद निळा लांब अंगरखा, त्याखाली आणखी एक, त्याखाली पांढरे. सात थर. कापडी तळव्याचे नवे कोरे जोडे. शिलाई इतकी सरळ की एकाच माणसाची असू शकते. मी अंगरखा उचलला, बाजूंवरून हात फिरवला. खिसा नव्हता. एकाही कपड्याला खिसा नव्हता.

सासूबाईंचे असे कपडे मीच शिवले होते, त्याच मशीनवर. आमच्याकडे शेवटच्या कपड्यांना खिसा ठेवत नाहीत. जाणारा माणूस खिशातून मागच्यांचं नशीब घेऊन जातो म्हणतात. ज्याच्या मागे कोणीच नाही, त्या माणसानेही खिसा ठेवला नव्हता.

मी अंगरखा होता तसा घडी करून ठेवला आणि पलंगावर बसले. काका इथे राहायला आले नव्हते.

आता मी काय केलं ते सांगते, पण आधी घराचं सांगायला हवं. हे घर माझं नाही. नवरा गेल्यावर ते दिराच्या नावावर झालं. वेन-ची भाऊजी काओश्युंगला असतात, स्वभावाने वाईट नाहीत. दर महिन्याला फोन करतात, "वहिनी, पाहुणे येतात ना? येताहेत तोवर राहा, आपलंच आहे." येईनासे झाले की काय, ते त्यांना सांगावं लागत नाही. आणि उत्तरेकडच्या एका लॉजमध्ये दोन वर्षांपूर्वी एक पाहुणा झोपेत गेला. चांगलं मरण, हृदय थांबलं. तरी महिन्याभरात पाटी उतरली. ज्या खोलीत परका माणूस मेला, त्या घरात कोणी रात्र काढत नाही, विकायला काढलं तर कोणी बघायलाही येत नाही. तिथे आता भाड्याच्या स्कूटरींचे टायर ठेवतात.

त्रेपन्नाव्या वर्षी मी टायरांबरोबर कुठे जाऊ?

खोल्या देणाऱ्या आम्हा सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. नळ गळतोय, प्लंबर कोणता, अमक्या पाहुण्याने टॉवेल नेले, असलं लिहायला. मी त्याच पलंगावर बसून लिहिलं: 'एक वयस्कर गृहस्थ, एकटे, खूप आजारी. सामानात शेवटचे कपडे आहेत. खोली मागायला आले तर विचार करून द्या.' नाव लिहिलं नाही. नाव लिहिलं नाही याचंच मला बरं वाटलं. दोन मिनिटांत हात जोडलेल्या बाहुल्यांची चित्रं आली. 'सांगितलंस ते बरं झालं, लियेन.'

आणि मी स्वतःला समजावलं की यात त्यांचंच भलं आहे. माणसाने आपल्या घरात जावं. दवाखान्यातूनसुद्धा श्वास असेपर्यंत घरी आणतात, श्वास गेल्यावर गावाच्या आत घेत नाहीत. इथे काही झालं तर त्यांना च्यायीला कोण आत घेणार? अजून बोटीत चढता येतंय, जाऊ देत.

मग खाली गेले.

"काका, एक अडचण झालीय. आज संध्याकाळी शाळेची सहल येतेय. सगळ्या खोल्या लागणार."

"किती मुलं?"

"चाळीस," मी म्हणाले. खोटं बोलायची सवय नसली की माणूस आकडा मोठा सांगतो.

"पाच खोल्यांत चाळीस? वाळवणासारखी पसरणार आहेस का गच्चीवर?" ते हसले. मग हसू जरा तसंच राहिलं. "मी खाली मशीनपाशी पडलो तर? मला जागा फार लागत नाही आता."

"तिथे शिक्षक झोपणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठले, जिन्यापाशी गेले, चष्मा लावला आणि पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला, जणू पहिल्यांदाच वाचताहेत.

"हिने सोय करून ठेवलीय," म्हणाले. "इथे भरलेलं असेल तर मान-यूची माडी." खुंटीवरची छत्री घेतली आणि उन्हात निघाले.

मान-यूचा फोन अर्ध्या तासाने आला. एरवी फोनवर ती ओरडते, आज आवाज खाली होता.

"अगं, ते खांगकाका होते. तू नाव का नाही लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर दिली असतीस खोली?"

ती म्हणाली, "मी भरलंय म्हटलं. माडीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, सहा गाद्या कठड्यावर वाळत घातलेल्या, आणि मी म्हणतेय भरलंय. गाद्यांकडे बघून म्हणाले, छान ऊन लागतंय. पोळी देऊ का विचारलं. म्हणाले, नऊ वाजून गेले."

"मग?"

"मग देवळाकडे गेले. लियेन, थांबव त्यांना."

"तूच थांबव. तुझ्या दारात होते."

"माझी सून सहा महिन्यांची गरोदर आहे, माडीवरच राहते. मला बोल लावू नकोस."

आम्ही दोघींनी एकदमच फोन ठेवला.

होंगबाईंनी दार उघडलंच नाही. दीपगृहाखालच्या बाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, पंखा लावला आणि सांगितलं की शनिवारपर्यंत गच्च आहे. त्यांनी नंतर ग्रुपवर लिहिलं, 'आले होते. फार सज्जन आहेत.' पुन्हा हात जोडलेल्या बाहुल्या.

काका एकच्या सुमाराला परत आले. छत्री मिटून खुंटीला लावली.

"सगळं बेट भरलंय," म्हणाले. "गुरुवारी. तिची यादी पहिल्यांदा चुकली." मग जरा थांबून, "चांगलंय. धंदा चालला पाहिजे. तू एकटी बाई."

मी आलं घालून माशाच्या डोक्याचं सूप केलं. काकूंना आवडायचं तसं, डोळा न काढता. तीन दिवसांत दोन-चार चमच्यांपलीकडे काही न खाल्लेल्या माणसाने ते सगळं खाल्लं. काटे बशीच्या कडेला ओळीने लावले. मी समोर बसून पंख्याने माशा हाकत होते. त्या क्षणी त्यांनी पुन्हा एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, असं मी नंतर बऱ्याच जणींना सांगितलं. खरं की खोटं, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही.

"बोटीला किती वेळ आहे?"

"पाऊण तास."

"मग होतंय," म्हणाले आणि मशीन उघडून बसले. जुनं तेल पुसलं, नवं घातलं, सुई बदलली. चिंधीवर चार टाके मारून पाहिले. "पट्टा एखादं वर्ष जाईल. मग च्यायीला पाठव. नाही, च्यायीला नको. तुंगकांगला कोणीतरी असेल बघ."

मी पिशवी उचलायला गेले तर त्यांनी ती छातीशी धरली. "हलकी आहे."

धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीतल्या छायबाईंनी त्यांना मधली, कमी हलणारी जागा दिली. मी म्हणाले, "घरी पोचलात की फोन करा, काका."

"घरी पोचलो की करीन," म्हणाले.

बोट वळेपर्यंत ते काचेतून हात हलवत होते, काकू हलवायच्या तसा, दोन्ही हातांनी. आधी कधी त्यांनी तसा हलवला नव्हता.

संध्याकाळी वरच्या पाचही खोल्या रिकाम्या होत्या. खरंच सहल यायची होती आणि आली नाही, असं मला वाईट वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी छायबाईंनी हाक मारली. बोटीतल्या बाकाखाली पिशवी राहिली होती, आत माझं कार्ड होतं. विसरले की ठेवून गेले, कळायला मार्ग नाही. मी तिथेच उभी राहून रजिस्टरमधला नंबर लावला. एका बाईने उचलला.

"खांग? ते आता इथे नसतात हो. बायको गेली ना, मग मेमध्ये आम्ही खोली मोकळी करून घेतली. एकटा म्हातारा माणूस, आजारी. काही झालं तर पुढे भाडेकरू कोण येणार? माणूस सोन्यासारखा. जाताना माझं मशीन दुरुस्त करून दिलं. तुम्ही कोण?"

"मी लिऊच्यूहून. खोल्या देते."

"मग तुम्हाला कळेलच," ती म्हणाली.

मी पुढच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्याला, तुंगकांगला गेले, पिशवी घेऊन. धक्क्याबाहेर पपई विकणारी बाई बसते, तिला आठवत होतं. काल म्हातारे समोरच्या बाकावर बराच वेळ बसले होते, एक फोड खाल्ली, गोड आहे म्हणाले. मग तिने गिऱ्हाईक बघितलं आणि पुन्हा पाहिलं तर बाक रिकामा. बस स्टँडवर विचारलं, दवाखान्यात विचारलं, पोलिसांत नाव दिलं. तिथल्या पोराने विचारलं, "नातं?" मी म्हणाले, "पाहुणे." त्याने ते लिहिलं नाही.

शेवटच्या बोटीने परत आले. मान-यू धक्क्यावर उभी होती. पिशवीकडे बघून एक पाऊल मागे झाली.

"हे घरात नेऊ नकोस, लियेन. माणूस परका, कपडे असले."

"मग कुठे ठेवू? तुझ्या माडीवर?"

ती माझ्याबरोबर वळणापर्यंत चालत आली, मग स्वयंपाक राहिलाय म्हणाली.

पिशवी कोपऱ्यातल्या खोलीत, त्याच कपाटात आहे. दार अजूनही बसत नाही. ती खोली मी देत नाही. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, सगळ्या खोल्या जाताहेत ना?" मी म्हटलं, जाताहेत. पोलिसांचा फोन अजून आलेला नाही. मी मशीनवर काही शिवायला घेत नाही, पण रोज झाकण काढून पुसते.

पुठ्ठा काढून ठेवावा असं दोनदा मनात आलं. खिळ्यावरून उतरवलाही, तर मागे भिंतीवर चौकोन राहिलेला दिसला, स्वच्छ. परत लावला.

परवा एक नवं जोडपं आलं, पोटुशी मुलगी आणि तिचा नवरा. मुलीने सगळं वाचलं, हसली, फोटो काढला.

"काकू, ही यादी जुनी दिसते. अजून बरोबर आहे का?"

"खायचं बरोबर आहे," मी म्हणाले.